खरा स्वार कोण?



म्हैसूर शहराच्या उत्तरेला बन्नीमंटप नावाचा भाग आहे. कानडीत ‘बन्नी’ म्हणजे शमीचे झाड. अज्ञातवासात जाण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर लपवून ठेवली, ही महाभारतातील कथा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. त्या परंपरेला धरून विजयादशमीच्या दिवशी राजवाड्यातून निघालेली हत्तींची मिरवणूक सुमारे पाच किलोमीटरांची वाट चालून बन्नीमंटपाला पोहोचते, आणि त्याच रात्री तेथील विस्तीर्ण मैदानावर मशालींचे संचलन होते. या संचलनात घोडेस्वार असतात, वाद्यपथके असतात, आतषबाजी असते. पण लहान मुले ज्याची वाट पाहत बसलेली असतात, तो भाग म्हणजे जवानांच्या मोटारसायकलींवरील कसरती.

काही वर्षांपूर्वी भाषाविषयक एका चर्चासत्रासाठी मी म्हैसूरला गेलो होतो, तेव्हा दसऱ्याच्या रात्री या मैदानावर बसण्याचा योग आला. माझ्या शेजारी बेळगावकडचे एक मराठी कुटुंब होते. मोटारसायकलींची एक रांग संथपणे समोरून येत होती. त्या गाड्यांवर जवानांनी एकमेकांच्या खांद्यांवर उभे राहून मनोरा रचला होता. सर्वांत वरच्या जवानाने हातातील तिरंगा उंच धरला आणि सारे मैदान टाळ्यांनी दुमदुमले. शेजारच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाने वडिलांना विचारले, “पप्पा, ह्यातला खरा मोटारसायकलवाला कोण? वर उभा आहे तो, की खाली हँडल धरलंय तो?” वडील हसले, “दोघंही रे,” म्हणाले, आणि पुढची कसरत सुरू झाली. मुलगा आपला प्रश्न विसरून गेला असेल. मी मात्र तो विसरू शकलो नाही.

त्याला कारण आहे. पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करताना खेडोपाडी हिंडावे लागते, आणि गेली तीसएक वर्षे मी हे हिंडणे बहुतांशी मोटारसायकलीवरून केले आहे. या तीस वर्षांत मी कितीतरी वेळा घसरून पडलो, पावसात भिजलो, रात्री-अपरात्री पंक्चरवाल्याला झोपेतून उठवले. ते सारे आता गमतीने आठवते. परंतु एक दिवस असा आहे की, त्याची आठवण झाली म्हणजे अजूनही मान खाली जाते. त्याविषयी मी पुढे सांगणारच आहे. तोवर त्या मुलाचा प्रश्न आपण सावकाशपणे तपासून पाहू. मोटारसायकल चालवणारे आज घरोघरी आहेत. त्यांतील खरा स्वार कोणास म्हणावे?

गाडीवरून स्वार ठरतो काय?

पहिले उत्तर सोपे आहे: ज्याची गाडी खरी, तो स्वार खरा. हे उत्तर म्हैसूरमध्ये सहज सुचते, कारण बन्नीमंटपापासून फार दूर नसलेल्या यादवगिरी भागात एकेकाळी ‘आयडियल जावा’ हा मोटारसायकलींचा कारखाना होता. रुस्तुम इराणी आणि फारुख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्याने तेथे १९६० च्या दशकाच्या आरंभी गाड्या बनवण्यास प्रारंभ केला. मूळ कंपनीचे संस्थापक यानेचेक. त्यांनी १९२९ साली वांडरर नावाच्या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलीचा आराखडा घेतला, आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव तयार झाले. पुढे १९७० च्या दशकात म्हैसूरच्या गाडीचे नाव ‘येझदी’ झाले. आपल्यापैकी अनेक वडीलधाऱ्यांना ती गाडी आठवत असेल. एकाच सिलिंडरच्या त्या इंजिनाला दोन बाजूंना दोन सायलेन्सर असत. किकचा आणि गिअरचा दांडा एकच असे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे. आवाज असा की, गल्लीच्या तोंडाशी गाडी आली की घरातल्या माणसांना कोण आले ते कळे.

१९९६ साली तो कारखाना बंद पडला. पण गाड्या बंद पडल्या नाहीत. जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी या गाड्यांचे चाहते जावा दिवस साजरा करतात, आणि आजोबांची गाडी घेऊन नातू तेथे येतो. पुढे २०१८ साली ‘जावा’ आणि २०२२ साली ‘येझदी’ ही नावे नव्या कंपनीच्या नव्या गाड्यांवर पुन्हा बाजारात आली. जुन्या गाडीचे लोक नव्या गाडीच्या लोकांना अजूनही पुरते आपले मानत नाहीत, आणि बुलेटवाले या दोघांनाही मानत नाहीत!

हा अभिमान निर्दोष आहे. ज्या वस्तूने आपली सेवा केली तिच्याविषयी ममत्व वाटावे, यात वाईट काहीच नाही. पण गाडीवरून स्वार ठरत असता, तर खरेपणा विकत घेता आला असता. जी गोष्ट हप्त्यांनी मिळते ती माणसाचे मोल कशी ठरवणार? ज्या जावा-येझदीचा आपण इतका गौरव करतो, तिच्यावर बसून दूधवाल्यांनी दूध पोहोचवले तसेच चोरांनी पळही काढला असेल. गाडीने कोणालाही नाकारले नाही. म्हणून गाडीची साक्ष येथे चालत नाही.

वेग, अंतर आणि धाडस

दुसरे उत्तर असे: जो दूर गेला, उंच गेला, वेगाने गेला, तो खरा. लडाखच्या खिंडी ओलांडून आलेला तरुण चौकात दुधाचे दोन कॅन बांधून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहतो, तेव्हा त्याच्या नजरेत हे उत्तर स्पष्ट दिसते. तो दूधवाला मात्र रोज पहाटे चार वाजता, थंडीत, पावसात, खड्ड्यांतून तीस किलोमीटर जातो आणि तीस किलोमीटर येतो. वर्षाचे गणित केले तर त्याचे अंतर कितीतरी लडाखांहून अधिक भरते. त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही, एवढाच काय तो फरक.

वेगाविषयी पवित्र शास्त्रात एक लहानसा, पण मोठा मार्मिक प्रसंग आहे. इज्रेलच्या बुरुजावर उभा असलेला पहारेकरी दुरून एक टोळी येताना पाहतो. चेहरा दिसण्याइतकी ती जवळ आलेली नाही. तरी तो सांगतो की, हा येहू असावा, कारण रथ हाकण्याची ही बेफाम रीत त्याचीच आहे (२ राजे ९:२०). भाषांतरकार म्हणून या वचनाशी मी पुष्कळ वेळ थांबलो आहे. माणूस त्याच्या हाकण्यावरून ओळखला जातो, हे सत्य पहारेकऱ्याने अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. येहू निःसंशय कुशल सारथी होता. पण त्याच्या हाकण्यात दुरूनही जे दिसले ते कौशल्य नव्हते; ती त्याच्या मनातील खळबळ होती. वाचकहो, आपल्या आळीतील बुरुजावरून कोणी आपल्याला पाहत असेल, तर आपल्या गाडीच्या चालीवरून त्याला आपल्याविषयी काय कळेल?

येथे थोडे गणितही करून पाहावे. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे जाते. समोर मूल आले हे डोळ्यांना दिसून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद सहज जातो. म्हणजे त्या सतरा मीटरांत स्वार हा स्वार नसतोच, तो केवळ फेकलेला दगड असतो. वेग वाढवणे म्हणजे आपण दगड असण्याचे अंतर वाढवणे. याला धाडस म्हणणे कठीण आहे, कारण धाडसात माणूस स्वतःचे काही पणाला लावतो, आणि येथे तर समोरच्या मुलाचे पणाला लागलेले असते.

गाडी ओळखणारा

तिसरे उत्तर मला अधिक जवळचे वाटते: जो गाडीचे मन जाणतो, तो खरा. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, अशा आशयाचे वचन नीतिसूत्रांत आहे (नीतिसूत्रे १२:१०). गाडीला जीव नाही हे खरे. पण तिची काळजी घेणारा माणूस ऐकायला शिकतो. जुन्या दोन-स्ट्रोक गाडीत ऑइल कमी पडले की इंजिनाचा आवाज आधी कोरडा होई. ज्याला कान होता तो थांबे. ज्याला नव्हता त्याचे इंजिन थोड्याच वेळात जाम होई आणि मागचे चाक जागच्या जागी अडके.

बलामाची गाढवी आपल्याला ठाऊक आहे (गणना २२). वाटेत उभा असलेला देवदूत तिला दिसला, तिच्या पाठीवर बसलेल्या संदेष्ट्याला दिसला नाही. ती थांबली, आणि त्याने तिला तीनदा मारले. वाहन थांबते तेव्हा ते आपला शत्रू नसून कदाचित आपल्याला वाचवत असते, हे त्या विद्वानाच्या ध्यानात आले नाही. आपणही गाडी बंद पडली की तिला लाथ मारतो.

तरीही हे उत्तर पुरे पडत नाही. इंजिनाचा श्वास ओळखणारे पण घरातल्या माणसाचा श्वास न ओळखणारे कारागीर मी पाहिले आहेत. कान चांगला असणे ही सुरुवात झाली. तो कान कोणाकोणासाठी उघडा आहे, हा पुढचा प्रश्न राहतोच.

‘स्वार’ या शब्दाचा अर्थ

आता ज्या शब्दावर हा सारा विचार उभा आहे, त्या ‘स्वार’ शब्दाकडे वळू. शब्दांची मुळे शोधणे हा माझा धंदाच आहे, म्हणून वाचकांनी क्षमा करावी. ‘स्वार’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्या भाषेच्या प्राचीन रूपात त्याचे दोन भाग दिसतात. पहिल्याचा अर्थ घोडा, दुसऱ्याचा अर्थ वाहणे. दोन्ही मिळून अर्थ होतो ‘घोड्याने वाहून नेलेला’.

हा अर्थ प्रथम ध्यानात आला तेव्हा मी थोडा दचकलोच. आपण समजतो की स्वार म्हणजे ताबा असलेला, लगाम हाती असलेला, वर बसलेला. भूत स्वार होते, सत्ता स्वार होते, अहंकार स्वार होतो, असे आपण म्हणतो. शब्द मात्र आपल्या पोटात वेगळीच गोष्ट जपून होता. स्वार हा वाहणारा नाही, तो वाहिला जाणारा आहे. त्याच्या खाली घोडा आहे, रस्ता आहे, पेट्रोल आहे, कोणत्या तरी कारखान्यातील कामगाराने आवळलेला नट आहे, डांबर टाकणाऱ्या बाईचे भाजलेले पाय आहेत. या साऱ्यांनी त्याला उचलून धरले आहे.

बन्नीमंटपच्या मैदानावरील मनोरा याच दृष्टीने पाहावा. वरच्या जवानाला टाळ्या मिळाल्या. पण तो एक पाऊलही स्वतः चालला नव्हता. खाली हँडल धरून बसलेल्यांच्या डोळ्यांपुढे टाळ्या वाजवणारा जनसमुदाय नव्हता. पुढची दोन हात जमीन आणि शेजारच्या गाडीचे चाक एवढेच त्यांनी पाहायचे होते. त्यांच्यापैकी एकाने जरी उत्साहाच्या भरात थोडा वेग वाढवला असता, तरी सारा मनोरा कोसळला असता. त्यांचे सारे कौशल्य शेजाऱ्याच्या वेगाने चालण्यात होते. त्या मुलाने मला विचारले असते, तर मी म्हटले असते, “बाळा, खालचा. कारण आपल्या खांद्यावर कोण आहे हे त्याला ठाऊक आहे.”

मागे बसलेला माणूस

आपल्या खांद्यांवर मनोरा नसतो, पण मागच्या सीटवर बहुधा कोणीतरी असते. त्या माणसाच्या हाती काही नसते. हँडल नाही, ब्रेक नाही. आपल्या पाठीशिवाय त्याला पुढचे काही दिसत नाही. एवढा विश्वास आपण देवावर तरी ठेवतो का, असा प्रश्न कधीकधी मला पडतो.

या विश्वासाचे आपण काय करतो? केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मरण पावली. मृतांपैकी दर शंभरांत चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे दगावली. त्यांतील ३५,६९२ गाडी चालवणारी होती आणि १४,३३७ मागे बसलेली. हा शेवटचा आकडा कृपया पुन्हा एकदा वाचा. चौदा हजारांहून अधिक माणसे, ज्यांच्या हाती हँडल नव्हते. ती कोणाची पत्नी असेल, कोणाची आई असेल, शाळेतून आणलेले मूल असेल. आपल्या घरी हेल्मेट बहुधा एकच असते, आणि ते चालवणाऱ्याच्या डोक्यावर असते, कारण दंड त्यालाच होतो, अशी आपली समजूत असते.

हेल्मेटचा विषय निघालाच आहे, तर एका दुसऱ्या भाषांतरकाराची गोष्ट सांगतो. टी. ई. लॉरेन्स हे ‘अरेबियाचे लॉरेन्स’ म्हणून जगाला माहीत आहेत. होमरच्या ‘ओडिसी’चे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९३२ साली प्रसिद्ध झाले. मोटारसायकल हे त्यांचे वेड होते, आणि वेगही. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात घराजवळच्या रस्त्यावर, सायकलींवरून जाणाऱ्या दोन मुलांना चुकवताना ते गाडीवरून फेकले गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी तो मृत्यू विसरू दिला नाही. मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटच्या उपयुक्ततेविषयीचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज आपण डोक्यावर जे चढवतो, त्यामागे त्या अभ्यासाचाही वाटा आहे.

या गोष्टीत दोन स्वार आहेत, असे मला वाटते. एक लॉरेन्स, वेगाचे वेड असूनही शेवटच्या क्षणी त्यांच्या हातांनी गाडी मुलांपासून दूर वळवली. दुसरे केर्न्स, एका माणसाला वाचवता आले नाही म्हणून जे तेथेच थांबले, आणि थांबल्यामुळे असंख्यांना उपयोगी पडले.

एक आक्षेप

येथे विचारी वाचक म्हणेल, “महाराज, आपण दोन गोष्टींची गल्लत करीत आहात. चांगला माणूस असणे वेगळे आणि चांगला स्वार असणे वेगळे. चांगला चांभार वाईट माणूस असू शकतो. त्याने शिवलेली चप्पल तरीही टिकते. तसा निर्दय माणूसही उत्तम मोटारसायकलस्वार असू शकेल.”

आक्षेप खरा आहे आणि मी त्याला टाळू इच्छित नाही. शर्यतीच्या बंद मैदानावर तो पूर्णपणे लागू पडतो. पण आपण बंद मैदानावर गाडी चालवत नाही. आपला रस्ता सामाईक आहे. चप्पल शिवताना चांभाराच्या आरीपुढे शेजाऱ्याचे मूल धावत येत नाही. रस्त्यावर मात्र ते प्रत्येक वळणावर येऊ शकते. म्हणून दुसऱ्याकडे लक्ष असणे हा रस्त्यावर सद्गुणही आहे आणि कौशल्यही. ते नसेल तर कौशल्यच अपुरे.

शिवाय मोटारसायकलीची घडणच पाहा. तिला भिंती नाहीत, काचा नाहीत. मोटारीत बसलेला मनुष्य काच वर करून जगाला बाहेर ठेवू शकतो. मोटारसायकलस्वाराला जो पाऊस लागतो तोच पायी चालणाऱ्यालाही लागतो. रस्त्याच्या कडेला कोणी कण्हत असेल तर ते त्याला ऐकू येते. त्याला थांबायला जागा शोधावी लागत नाही. दोन फूट कडा पुरते. आणखी एक गोष्ट. चालती मोटारसायकल स्वतःचा तोल बराचसा स्वतःच सांभाळते. थांबली की मात्र ती स्वाराने पाय जमिनीला लावल्याशिवाय उभी राहत नाही. म्हणजे चालताना गाडी आपल्याला सांभाळते, आणि थांबल्यावर आपण तिला. पाय जमिनीला टेकवता येणे, हा मोटारसायकल शिकताना शिकवला जाणारा पहिला धडा आहे. आपण तोच सर्वांत आधी विसरतो.

जे मी केले नाही

आता मी माझ्याविषयी सांगतो. १९९८ सालची गोष्ट. त्या वेळच्या नगर जिल्ह्यातील डोंगराळ भागात एका बोलीतील भाषांतराचे काम चालू होते. कच्चा मसुदा गावकऱ्यांना वाचून दाखवायचा आणि त्यांना काय समजले ते विचारायचे, असा आमचा क्रम असे. त्या दिवशी सकाळी दहा वाजता एका गावी मंडळी जमणार होती. मला उशीर झाला होता. जुनी येझदी होती, मागे कागदांची पिशवी बांधलेली होती.

एका वळणावर मला रस्त्याच्या कडेला एक सायकल आडवी पडलेली दिसली. दुधाची किटली सांडली होती. एक मध्यमवयीन मनुष्य कुशीवर पडला होता आणि त्याचा हात हलत होता. मी वेग कमी केला. पुष्कळ कमी केला. आज वाटते की पाय जमिनीला टेकायला फारतर एका हाताचे अंतर उरले होते. तेवढ्यात मनात तीन विचार आले. पोलिसांची चौकशी मागे लागेल. मंडळी माझी वाट पाहत असतील. आणि मागून एक जीप येत आहे, ते लोक बघतील. मी गाडी पुढे काढली.

त्या गावात मी दोन तास देवाचे वचन वाचून दाखवले. सायंकाळी परत येताना त्या वळणावर थांबलो. सायकल नव्हती, माणूस नव्हता. मातीवर दुधाचा वाळलेला डाग होता आणि एक चप्पल होती. आसपास वस्ती नव्हती. त्याचे काय झाले हे मला आजवर कळलेले नाही. जीप थांबली असेल, असे मी स्वतःला अनेक वर्षे सांगत आलो आहे.

त्यानंतर काही वर्षांनी आमचा मसुदा लूकच्या दहाव्या अध्यायापर्यंत पोहोचला. त्याच गावात मी चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त वाचून दाखवला. याजक आला आणि निघून गेला, लेवी आला आणि निघून गेला. मग शोमरोनी आला, त्याने जखमा बांधल्या आणि त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. नियमाप्रमाणे मी विचारले, “काही समजले नाही असे आहे का?” एक म्हातारी आजी म्हणाली, “आरं बाबा, जखमी गडी जनावरावर बसला. मंग त्यो दुसरा कसा गेला?”

मी मूळ ग्रीक शब्द अनेकदा तपासला होता. तो गाढव की घोडा, यावर मी टिपणही लिहिले होते. पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. वचनात ते लिहिलेले नाही. जनावर एकच असेल, तर उत्तरही एकच आहे. मी म्हटले, “आजी, तो चालत गेला असेल.”

“मंग त्योच खरा,” एवढेच ती म्हणाली.

मी पुढची ओळ वाचू शकलो नाही. माझ्याबरोबरच्या सहकाऱ्याने वाचन पूर्ण केले.

उतरता येणे

वाचकहो, बेळगावच्या त्या मुलाच्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर हेच आहे. जो वाहिला जात आहे हे ज्याला ठाऊक असते, आणि म्हणून जो दुसऱ्याला वाहून नेण्यासाठी खाली उतरू शकतो, तो खरा स्वार. वर चढणे कोणालाही जमते. उतरण्याला मन लागते.

आपल्या देशाच्या कायद्याने या बाबतीत एक विलक्षण गोष्ट केली आहे, ती पुष्कळांना माहीत नसते. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करताना काही चूक झाली तरी मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे त्याच्यावर आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि त्याला इस्पितळात अडकवून ठेवता येत नाही. अपघातानंतरचा पहिला तास या कायद्याने ‘सुवर्ण तास’ म्हणून नमूद केला आहे. आणि मदत करणाऱ्याला कायद्याच्या इंग्रजी मजकुरात नाव दिले आहे ‘गुड समॅरिटन’. ज्या शोमरोन्याला आपण रविवारच्या शाळेत चित्रांतून पाहिले, तो आज भारताच्या कायद्याच्या पुस्तकात उभा आहे.

म्हणजे १९९८ साली माझ्या मनात आलेला पहिला विचार, पोलिसांच्या चौकशीचा, आज कोणालाही पुढे करता येणार नाही. राहिले दोन. मला उशीर होत आहे, आणि मागून दुसरे कोणीतरी येत आहे. या दोहोंवर कोणतेही कलम चालत नाही. याजकालाही उशीर होत असेल. लेव्यालाही वाटले असेल की मागून कोणी येईल. आणि त्या दिवशी खरेच मागून कोणीतरी येत होते, हे मी विसरू शकत नाही. पण तो ज्याच्यापाशी थांबला, त्याच्याजवळून दोघे आधीच निघून गेले होते.

आपल्यापैकी जे तरुण आहेत त्यांना मी गाडी घेऊ नका, दूर जाऊ नका, असे सांगणार नाही. मोकळ्या रस्त्यावर पहाटेच्या वाऱ्यात गाडी चालवण्यात जो आनंद आहे, तो देवाने दिलेल्या आनंदांपैकीच एक आहे, आणि मी तो भरपूर घेतला आहे. लडाखला जरूर जा. दोन हेल्मेट घ्या. दुसरे मागे बसणाऱ्यासाठी. गाडीचा आवाज ऐकायला शिका. आणि निघण्यापूर्वी एकदा घराच्या दारात गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकवून पाहा. पुढे वाटेत एखाद्या वळणावर याच पायांची गरज लागणार आहे.

बन्नीमंटपचे संचलन संपले तेव्हा रात्र बरीच झाली होती. मैदानाबाहेर हजारो दुचाकी एकदम सुरू झाल्या. आयुधपूजेला बांधलेल्या झेंडूच्या माळा अजून हँडलांवर होत्या. बेळगावचे कुटुंब चालत एसटी स्थानकाकडे निघाले. मुलगा पेंगुळला होता. वडिलांनी त्याला पाठीवर घेतले आणि ते गर्दीतून, गाड्यांच्या दिव्यांमधून, पायी चालू लागले.